तबकडीमागचा माणूस

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं लग्न निघालें. वधू म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची नात. हल्लींच्या रिवाजाप्रमाणें लग्नाच्या आदल्या संध्याकाळीं 'संगीत' करावयाचें ठरलें. आणि संगीत म्हटलें म्हणजे डीजे आलाच. ही वार्ता दादांच्या कानीं गेली, तेव्हां त्यांनीं हातांतील वर्तमानपत्राची घडी केली आणि एकच वाक्य उच्चारलें, "डीजे येणार असेल, तर मी येणार नाहीं."

दादांचें वय ब्याऐंशी. त्यांचा शब्द घरांत सहसा कोणी मोडीत नाहीं. आणि या वेळीं त्यांच्या शब्दाला कारणही होतें. दोन वर्षांपूर्वीं एका मिरवणुकीच्या गर्दींत ते अडकले, आणि कर्ण्यांच्या भिंतीपासून दहा पावलांवर त्यांना अर्धा तास उभें राहावें लागलें. तेव्हांपासून त्यांच्या डाव्या कानांत रातकिडा ओरडल्यासारखा आवाज सतत येतो. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, तो आतां बहुधा जन्माचा सोबती. इकडे नात रडकुंडीला आली. आजोबांवांचून संगीत नको, आणि मैत्रिणींना कबूल केलेलें संगीत मोडवतही नाहीं, अशा पेंचांत ती सांपडली. अखेर घरांतील सर्वांत रिकामा माणूस म्हणून, त्या डीजेवाल्याला भेटून कांहीं तोड निघते कां तें पाहण्याचें काम माझ्याकडे आलें.

त्या निमित्तानें या धंद्याविषयीं जें ऐकण्यांत, वाचण्यांत आणि पुढें प्रत्यक्ष पाहण्यांत आलें, त्यानें माझाच एक मोठा गैरसमज दूर झाला. बहुतेक घरांतून तो असेल असें वाटल्यावरून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

स्वार हरवला, घोडा राहिला

आपल्या महाराष्ट्रांत 'डीजे' या शब्दाला मोठी चमत्कारिक गति प्राप्त झाली आहे. आपण म्हणतों, 'डीजे लावला', 'डीजे वाजत होता', 'डीजेला बंदी आहे'. म्हणजे डीजे हें आपल्या लेखीं एक यंत्र आहे. वाहनावर रचलेली कर्ण्यांची भिंत आहे. मूळ शब्द मात्र माणसाचा आहे. 'डिस्क जॉकी' या इंग्रजी जोडशब्दाचीं हीं आद्याक्षरें. डिस्क म्हणजे तबकडी, आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावर बसणारा स्वार. अमेरिकेंत नभोवाणीवर तबकड्या लावून श्रोत्यांशीं गप्पागोष्टी करणाऱ्यांना हें नांव पडलें, आणि पुढें तें नृत्यगृहांत तबकड्या वाजविणाऱ्यांनाही चिकटलें.

ही स्वाराची उपमा विचार करण्याजोगी आहे. घोडा धांवतो तो आपल्याच पायांनीं. परंतु लगाम कोठें खेंचावा, कोठें सैल सोडावा, जनावराचा दम कोठें संपत आला, हें नुसत्या मांडीच्या स्पर्शानें ओळखतो तो स्वार. आपल्या बोलण्यांतून हा स्वारच नाहींसा झाला. घोडा तेवढा राहिला, आणि तोही उधळलेला.

मी ज्याला भेटावयास गेलों तो तरुण कोथरूडांत राहतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस, अभियांत्रिकीची पदवी घेतलेला. मीं मनांत बांधलेल्या चित्राशीं त्याचें कांहींच जुळेना. "बसा काका," म्हणून त्यानें वही काढली आणि पहिला प्रश्न विचारला, तो गाण्यांविषयीं नव्हता. "तुमच्या घरांत सर्वांत वयस्कर कोण? आणि त्या दिवशीं ते कोठें बसणार?"

मीं दादांची सारी हकीकत सांगितली. तो हंसला नाहीं, किंवा आपल्या धंद्याची वकिलीही त्यानें केली नाहीं. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "आजोबांचें खरें आहे. पण काका, तें काम कर्ण्यांचें. आमचें काम वेगळें. आमचें काम पाहण्याचें." आणि मग आपल्या विद्येचे मूळपुरुष म्हणून त्यानें न्यूयॉर्क शहरांतील दोनतीन माणसांचीं नांवें घेतलीं. घरीं येऊन त्यांच्याविषयीं मीं जें जें मिळालें तें वाचून काढलें. तें असें.

सेजविक अव्हेन्यूवरील खोली

ता. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत १५२० सेजविक अव्हेन्यू या भाडेकरूंच्या मोठ्या इमारतींत सिंडी कॅम्बेल नांवाची मुलगी राहत होती. सुट्टी संपून शाळा उघडावयाची होती. नवीन कपडे हवे होते, पण पैसे नव्हते. म्हणून इमारतींतील करमणुकीच्या सामाईक खोलींत नाचाचा जलसा करावयाचा तिनें बेत केला. प्रवेशाचा आकार मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजविण्याचें काम थोरल्या भावाकडे आलें. त्याचें नांव क्लाइव्ह. वय १८ वर्षें. धिप्पाड देहामुळें सोबत्यांनीं त्याला 'हर्क्युलीस' म्हणजे आपल्याकडील भीमच ठरविलें होतें. त्याचेंच पुढें 'कूल हर्क' झालें.

हें कुटुंब मूळचें जमेकाचें. क्लाइव्ह १९६७ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं न्यूयॉर्कला आला. किंग्स्टन शहरांत मोठमोठे कर्णे उघड्यावर मांडून तबकड्यांवर नाच चालतात, ते त्यानें लहानपणीं पाहिले होते. तेव्हां आपल्या जलशांत त्यानें आरंभीं जमेकाकडच्याच तबकड्या लावल्या. त्या त्याच्या आवडीच्या होत्या, जन्मभूमीच्या होत्या. पण ब्राँक्सचीं मुलें हालेनात. त्यांचे कान निराळ्या तालाचे होते.

या क्षणीं साधा हौशी मुलगा काय करता? लोकांना अभिरुचि नाहीं म्हणून रागावता, किंवा आवाज वाढविता. हर्कनें आपली आवड बाजूस ठेवली आणि जेम्स ब्राउन वगैरे अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांच्या ठसकेबाज तबकड्या लावल्या. खोली एका क्षणांत हालूं लागली.

परंतु त्याचा खरा शोध याच्याही पुढचा आहे. तबकडी वाजत असतां हर्क स्वस्थ बसून नाचणारांकडे पाहत असे. पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, हीं मुलें सबंध गाण्यावर सारखीं नाचत नाहींत; तीं कशाची तरी वाट पाहतात. गाण्याच्या मध्यें एखादे ठिकाणीं गायक थांबतो, बाकीचीं वाद्यें थांबतात, आणि कांहीं क्षण केवळ ढोल-पडघमांचा ताल उरतो. या जागेला तिकडे 'ब्रेक' म्हणतात. मुलें आपल्या अंगांतील सर्व कसब त्या थोड्या क्षणांसाठीं राखून ठेवीत. मग हर्कनें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या. एकीवरची ती जागा संपली कीं दुसरीवर तीच जागा लावावयाची. तोंवर पहिली मागें आणून ठेवावयाची. असें आलटून पालटून केल्यानें क्षणांचीं मिनिटें झालीं. या युक्तीला त्यानें 'मेरी-गो-राउंड', म्हणजे जत्रेंतील लांकडी घोड्यांचें फिरतें चक्र, असें नांव दिलें. ज्या जागेसाठीं मुलें थांबत, तिच्यावरून त्यांनाही 'ब्रेक बॉईज' असें नांव मिळालें.

आज 'हिप-हॉप' म्हणून जें संगीत जगभर ऐकूं येतें, आणि ज्याचा पन्नासावा वाढदिवस २०२३ सालीं साजरा झाला, त्याचें जन्मस्थान म्हणून ही खोली दाखविली जाते. संगीतशास्त्राच्या पुस्तकांतून किंवा प्रयोगशाळेंतून तें निघालें नाहीं. एका मुलानें दुसऱ्या मुलांच्या पायांकडे लक्षपूर्वक पाहिलें, एवढेंच त्याचें मूळ.

कसब फार झालें म्हणजे

हर्कच्या युक्तींत एक उणीव होती. सुई तो अंदाजानें टेकी. त्यामुळें एका तबकडीवरून दुसरीवर जातांना ताल तुटे. ही उणीव दुसऱ्या एका मुलानें भरून काढली. जोसेफ सॅडलर हें त्याचें नांव. बार्बाडोस बेटांत जन्मलेला, ब्राँक्समध्यें वाढलेला, आणि शाळेंत विद्युत्-यंत्रांचें शिक्षण घेतलेला. 'ग्रँडमास्टर फ्लॅश' या नांवानें पुढें तो विख्यात झाला. त्यानें तबकडीवर रंगीत खडूनें खुणा केल्या. एक तबकडी लोकांना ऐकूं जात असतां दुसरी आपल्यापुरती कानास लावून तपासण्याची सोय केली. बोटानें तबकडी मोजून इतके फेरे मागें न्यावयाची कीं मात्रा चुकूं नये, असा अभ्यास कित्येक महिने घरांत कोंडून घेऊन केला.

मग तो हें सर्व लोकांसमोर मांडावयास गेला. त्याची अपेक्षा कीं, लोक वेडे होऊन नाचतील. लोक नाचलेच नाहींत. ते भोंवतीं उभे राहिले आणि टकमक पाहत राहिले. त्याला रडूं कोसळलें.

आपल्याकडील गाण्याच्या बैठकींतही हा प्रसंग अपरिचित नाहीं. गवई तानांवर ताना फेंकतो. श्रोते थक्क होतात, परंतु एकही मान डोलत नाहीं. कारण ती तान श्रोत्यांसाठीं नसते. फ्लॅशचें मोठेपण असें कीं, त्यानें लोकांना दोष दिला नाहीं. त्यानें माइक एका सोबत्याच्या हातीं दिला. 'काउबॉय' या टोपणनांवाच्या त्या सोबत्यानें लोकांना हांका घालाव्या, हात वर करावयास सांगावे, त्यांना त्या खेळांत ओढून घ्यावें. आणि मागें फ्लॅशनें आपलें कसब निमूटपणें चालवावें, अशी वांटणी झाली. पाहणारे पुन्हां नाचूं लागले.

संगीताचा यजमान

तिसरा माणूस डेव्हिड मॅन्क्यूसो. याची हकीकत आम्हां कुटुंबवत्सल वाचकांस विशेष वाटेल. त्याचें बालपण युटिका गांवच्या अनाथाश्रमांत गेलें. तेथील एक जोगीण मुलांसाठीं फुगे बांधी, तबकड्या लावी, आणि त्या पोरक्या मुलांना घटकाभर घर देई. मोठेपणीं न्यूयॉर्कमध्यें ६४७ ब्रॉडवे येथें गोदामासारख्या उंच छताच्या जागेंत तो राहत असे. ता. १४ फेब्रुवारी १९७० रोजीं त्यानें तेथें ओळखीच्या लोकांना बोलावून रात्रभर गाणीं लावलीं. पुढें हाच परिपाठ झाला, आणि ती जागा 'लॉफ्ट' या नांवानें प्रसिद्ध पावली.

तेथें आमंत्रणावांचून प्रवेश नसे. दारू विकली जात नसे. फळें आणि खाणें मात्र येणाऱ्याला मिळे. त्या काळच्या त्या शहरांत मादक द्रव्यांचें वारें जोरांत होतें, आणि तें या घराला शिवलें नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु गोरे, काळे, पोर्टो रिकोचे, गरीब, सधन, आणि समलिंगी म्हणून समाजानें दूर लोटलेले, असे सर्व प्रकारचे लोक तेथें एका छताखालीं निर्भयपणें जमत, हीही गोष्ट तितकीच खरी.

मॅन्क्यूसोला डीजे हें नांव रुचत नसे. तो स्वतःस 'संगीताचा यजमान' म्हणवी. रात्रीचे त्यानें तीन भाग कल्पिले होते. तिबेटी बौद्धांची 'बार्दो' म्हणजे मधली अवस्था ही कल्पना त्याच्या वाचनांत आली होती. तिच्यावरून ही मांडणी त्याला सुचली. पहिला भाग शांत. माणसें येतात, स्थिरावतात. दुसरा भाग जोराचा. सर्व बंध सुटतात. तिसरा भाग परतीचा. माणसाला हलक्या हातानें पुन्हां नित्याच्या जगांत आणून सोडावयाचें. हें वाचतांना मला आपली बैठक आठवली. विलंबित ख्यालानें आरंभ, मग द्रुत, आणि शेवटीं भैरवी. भैरवी झाल्यावर कोणी दुसरा राग मागत नाहीं. श्रोत्याला घरीं कसें पोंचवावें, याचा विचार यजमानानेंच करावयाचा असतो, ही समज इकडे आणि तिकडे एकच आहे.

उत्तरायुष्यांत मॅन्क्यूसोनें दोन तबकड्या एकमेकींत मिसळण्याचेंही सोडून दिलें. प्रत्येक गाणें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजावयाचें. हातचलाखी त्यानें टाकली, परंतु माणसांकडे पाहणें टाकलें नाहीं. २०१६ सालीं तो वारला.

पाहावयाचें म्हणजे काय

हीं नांवें वाचून झाल्यावर मी पुन्हां कोथरूडला गेलों आणि त्या तरुणाला सरळ विचारलें, "तूं पाहतोस म्हणजे नेमकें काय पाहतोस?"

त्याच्यापुढें आतां खऱ्या तबकड्या नव्हत्या. गाणीं संगणकांत, आणि त्याला जोडलेल्या पेटीवर दोन वाटोळ्या चकत्या, तबकड्यांची आठवण म्हणून राहिलेल्या. एका कानावर कर्णफूल लावून तो पुढचें गाणें ऐकतो. दुसरा कान सभागृहाकडे मोकळा. दोन गाण्यांची लय जुळवितो, आणि एक उतरत असतां दुसरें चढवितो. "हें सहा महिन्यांत कोणालाही येतें," तो म्हणाला. "उरलेलें शिकायला मला सात वर्षें लागलीं."

त्या 'उरलेल्या'चा त्यानें सांगितलेला सारांश असा. पाहुण्यांच्या आधीं दोन तास जाऊन सभागृहांत नुसतें उभें राहावें. दार कोठें आहे, जेवण कोठें मांडलें आहे, वृद्धांच्या खुर्च्या कोठें आहेत, हें पाहावें. कार्यक्रम सुरू झाल्यावर मधोमध नाचणाऱ्या पांचसहा जणांकडे पाहूं नये. ते कोणत्याही गाण्यावर नाचतात, आणि नवख्याची फसवणूक तेच करतात. पाहावें तें कडेला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाचा गुडघा हालतो कां? खुर्चींत बसलेल्या बाईंच्या चपलेचें टोंक ठेका धरतें कां? दोघी बोलत असतां एकीची मान गाण्याकडे वळली कां? ही माणसें उंबरठ्यावर उभीं असतात. त्यांना आंत घेणें हें खरें काम.

मोकळ्या जागेंत पहिलें पाऊल टाकावयास कोणीच तयार नसतो. लहान मुलें आधीं येतात, मग त्यांच्या आया, मग मैत्रिणी, पुरुष शेवटीं. म्हणून आरंभ मिनिटाला शंभरच्या आंतबाहेर ठोके असलेल्या, म्हणजे सहज चालण्याच्या, गतीनें करावा; पुढें एकेका गाण्यास दोनतीन ठोके वाढवीत मिनिटाला सव्वाशेपर्यंत न्यावें. वाढ कोणाच्या ध्यानांत येऊं नये. सर्वांत लाडकें गाणें पहिल्या तासांत लावूं नये. तीनचार जोरकस गाण्यांनंतर एक सैल द्यावें; लोक पाणी प्यावयास गेले म्हणून घाबरूं नये. भरलेली जागा रिकामी होऊन पुन्हां भरली पाहिजे, तरच सर्वांना पाळी मिळते.

"आणि फर्माइशी?" मीं विचारलें.

"प्रत्येक ऐकायची, काका, पण लगेच लावायची नाहीं. मागणाऱ्याला फक्त तें गाणें दिसतें. आधीं काय झालें आणि पुढें काय यायचें आहे, तें मला दिसतें. जागा आली कीं लावतों. दोन गाणीं चुकलीं तर लोक क्षमा करतात. तिसरें चुकलें कीं जेवायला जातात."

हें ऐकतां ऐकतां मला आमच्या लहानपणचे कीर्तनकार आठवले. पूर्वरंगांत निरूपण लांबलें, मागच्या रांगेंत एकदोन माना पेंगूं लागल्या, कीं बुवा वाक्य अर्धेंच सोडून टाळ उचलीत आणि नामगजर सुरू करीत. सर्व मंडळी जागी झाली म्हणजे पुन्हां तेंच सूत्र हातांत घेत. उत्तररंगांत आख्यान करुण होऊं लागलें आणि बायकांचे पदर डोळ्यांस गेले, म्हणजे ते तेथें अधिक वेळ रेंगाळत नसत. एखादी विनोदाची कणी टाकीत. आम्ही म्हणत असूं, बुवांची कथा रसाळ. खरें पाहतां बुवांची नजर रसाळ होती. कथा तर सर्वांनाच ठाऊक होती.

आवाज कोणाचा

मग कर्ण्यांच्या त्या भिंतींचें काय? त्याविषयीं विज्ञान स्पष्ट आहे. आपल्या कानाच्या आंतल्या भागांत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. ऐकण्याचें काम त्या करतात. त्या एकदां मेल्या कीं माणसांत पुन्हां उगवत नाहींत. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानें ८५ डेसिबल आवाज दिवसाकांठीं ८ तास सोसण्याजोगा. पुढें दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलांस अवघीं १५ मिनिटें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं करमणुकीच्या जागांसाठीं जो दंडक सुचविला, त्यांतही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलांवर जाऊं नये असेंच म्हटलें आहे. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं १० ते पहाटे ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सणासुदीच्या मोजक्या दिवशीं मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांस आहे.

हे आंकडे मीं त्या तरुणापुढें ठेवले. तो म्हणाला, "लोक नाचेनासे झाले कीं आवाज वाढवायचा, ही आमच्यांतली सर्वांत सोपी वाट. समोरच्यांकडे पाहायचा कंटाळा आला कीं हात त्या कळीकडे जातो." दादांच्या कानाच्या दुखण्याचें मूळ मला त्या वाक्यांत सांपडलें. त्या मिरवणुकींत वाहनावर यंत्र होतें, वीज होती, गाणींही होतीं. दहा पावलांवर एक म्हातारा माणूस कान झांकून उभा आहे, हें पाहणारा तेवढा कोणी नव्हता.

संगीताची संध्याकाळ

दादांना मीं एवढेंच सांगितलें कीं, त्या मुलानें पहिला प्रश्न तुमच्याविषयीं विचारला. ते कांहीं बोलले नाहींत. पण त्या संध्याकाळीं सात वाजतां धोतर नेसून, काठी घेऊन ते निघाले. "तासभर बसेन," असें बजावून.

सभागृहांत गेल्यावर पाहिलें, तों ज्येष्ठांच्या खुर्च्यांकडे तोंड करून असलेले दोन कर्णे त्यानें काढून भलत्याच दिशेला वळविले होते. आमच्या ओळींत बसून शेजारच्याशीं बोलतां येत होतें. ओरडावें लागत नव्हतें. दादांनीं कानांत घालण्याकरितां कापूस आणला होता, तो खिशांतच राहिला.

पहिला अर्धा तास कोणी नाचलें नाहीं. नात अस्वस्थ झाली. माझ्याकडे पाहूं लागली. तो मुलगा मात्र स्वस्थ होता. मग वहिनींच्या माहेरचीं दोन लहान मुलें हात धरून मधें आलीं. त्यांना आवरावयास त्यांची आई आली, ती तेथेंच राहिली. आणि आठ वाजेपर्यंत जागा भरून गेली. मी नाचणारांकडे पाहत नव्हतों. मी त्याच्याकडे पाहत होतों. त्याची नजर सतत कडेनें फिरत होती. जेवणाचें दार, खिडकीजवळच्या मुली, वराकडील काका, आणि पुन्हां आमची ओळ.

साडेआठच्या सुमारास एका नव्या गाण्याच्या ठेक्यावर दादांचें बोट काठीच्या मुठीवर हालूं लागलें. त्यांना स्वतःला तें कळलें नसावें. मलाही प्रथम कळलें नाहीं. पण त्याला तें दिसलें. त्यानें गडबड केली नाहीं. तें गाणें पुरें होऊं दिलें, दुसरेंही एक नवें वाजविलें. आणि मग तोच ठेका कायम ठेवून त्याच्या पोटांतून साठ वर्षांपूर्वींचें एक चित्रपटगीत अलगद वर आणलें. मधें नाचणाऱ्या मुलांचे पाय थांबले नाहींत. लय तीच होती. आमच्या ओळींत मात्र एकदम चुळबुळ झाली. वहिनी, वय शहात्तर, दादांकडे पाहून हंसल्या. नात धांवत आली आणि आजीचा हात धरून तिला घेऊन गेली. दादा उठले नाहींत. परंतु काठीचें बोट शेवटपर्यंत हालत राहिलें.

तासभर बसावयास आलेले दादा पावणेदहा वाजतां उठले. जातांना वाटेंत त्या मुलाच्या टेबलापाशीं थांबले. काय बोलले तें मला ऐकूं आलें नाहीं. त्यानें कर्णफूल काढून त्यांना वांकून नमस्कार केला, एवढें दिसलें. बरोबर दहा वाजतां गाणीं थांबलीं; शेवटचें गाणें संथ होतें.

पुढें भाद्रपद जवळ आला, तेव्हां आमच्या गल्लींतील मंडळाचीं मुलें वर्गणीला आलीं. दरवर्षीं दादा त्यांना डीजेवरून चार शब्द सुनावून मग पैसे देत. यंदा त्यांनीं त्यांना बसवून घेतलें आणि दोनच प्रश्न विचारले. "वाजविणारा कोण आहे? आणि वाजवितांना तो कोणीकडे पाहत असतो?" मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. "हें मला येऊन सांगा, मग वर्गणी घेऊन जा," दादा म्हणाले.

तीं मुलें अद्याप आलेलीं नाहींत. आणि दादांच्या कानांतील रातकिडा अजूनही ओरडतो. विशेषेंकरून रात्रीं, घरांत सामसूम झाल्यावर.